बुडत्याला ठशाचा आधार

समजा, तुमच्यासमोर दोन जॉब ऑफर्स आहेत. पहिली कंपनी जवळपास दोनशे वर्षं जुनी. माल एक नंबर, कारागीर एकापेक्षा एक. पण बाजारात नवीन मशीन आलंय आणि गिऱ्हाईक तिकडे पळतंय. दुसरी कंपनी त्याहून जुनी, चांगली पाचशे वर्षांची. नाव एवढं मोठं की लोक कानाला हात लावतात. फक्त तिला एकच क्लाएंट होता आणि तो गेला. कायमचा. बोला, कुठे जॉइन होणार?

आपण शहाणी माणसं. दोघांनाही 'थँक यू' म्हणून तिसरीकडे सीव्ही टाकणार. पण १८९०च्या दशकात टोकियोतल्या एका विशीतल्या पोराने या दोन्ही ऑफर्स एकदम घेतल्या आणि आयुष्यभर त्याच करत राहिला. त्याचं नाव त्सुकिओका कोग्यो. जपानी लाकडी ठशांच्या चित्रांचा विषय निघाला की सगळे होकुसाईपाशी थांबतात. माझं मात्र गेले काही महिने या कोग्योपाशीच अडलंय. का, ते सांगते.

आधी पहिल्या कंपनीबद्दल. होकुसाईची ती मोठी निळी लाट तुम्ही शंभर वेळा बघितली असेल. कॉफी मगवर, लॅपटॉपच्या स्टिकरवर, कुणाच्या तरी दंडावर टॅटू म्हणूनही! ती उकियो-ए, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेली चित्रं. हे एकट्या चित्रकाराचं काम नव्हे बरं का. चित्रकार रेखाटन करणार, कोरक्या ते चेरीच्या लाकडात कोरणार, छापणारा तुतीच्या सालीपासून केलेल्या कागदावर एकेक रंग चढवणार आणि या सगळ्यात पैसा घालणार प्रकाशक. चौघांची टीम. साधारण प्रत्येक रंगाला वेगळा ठोकळा. दहा रंग असतील तर तोच कागद निदान दहा वेळा, केसभरही न सरकता, लाकडावर बसवायचा. त्यासाठी ठोकळ्यावर दोन बारीक खुणा कोरलेल्या असतात. त्या खुणांना कागद टेकवायचा आणि वरून बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या चकतीने घासायचं. मशीन नाही, प्रेस नाही. नुसता हात.

या चित्रांचा मोठा धंदा चालायचा काबुकीच्या नटांवर. काबुकी म्हणजे रंगीबेरंगी, भडक, गल्लीतल्या माणसाचं नाटक. आवडत्या हीरोचं चित्र विकत घ्यायचं आणि घरी लावायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर शुद्ध फॅन मर्चंडाइज!

नोहचं तसं नव्हतं. ही आपली दुसरी कंपनी. चौदाव्या शतकात कानआमी आणि त्याचा मुलगा झेआमी या बापलेकांनी गावोगावच्या खेळांतून हे नाटक घडवलं. शोगुन योशिमित्सु त्यांच्यावर फिदा झाला आणि नोहला राजाश्रय मिळाला. राजाश्रय म्हटलं की त्याचे लहरी बॉसही आलेच. त्याच झेआमीला पुढच्या एका शोगुनने १४३४ मध्ये, सत्तरी ओलांडलेल्या वयात, सादो बेटावर हद्दपार केलं. पण नाटक टिकलं. टिकलं म्हणजे इतकं की पुढे तोकुगावा शोगुनांच्या काळात तो सरकारी सोहळाच होऊन बसला. सामुराई बघणार, सामुराई शिकणार. सामान्य माणसाला दर्शन क्वचित. त्यामुळे ठसेवाल्यांनीही काबुकीच्या मानाने नोहवर फारच थोडी चित्रं केली. जे पब्लिकने बघितलंच नाही त्याचं पोस्टर कोण घेणार?

आणि बघितलं तरी पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला वाटेल की व्हिडिओ अडकलाय. अंदाजे सहा मीटर लांब-रुंद लाकडी स्टेज, हॉलच्या आत असलं तरी डोक्यावर स्वतःचं छप्पर. मागच्या भिंतीवर एकच पाइनचं झाड रंगवलेलं. नाटक कुठलंही असो, झाड तेच! डाव्या हाताला एक लांब पूल, त्यावरून मुखवटा घातलेला नट येतो. येतो म्हणजे काय, पाऊल न उचलता, टाच घासत, जमिनीवरून वाहत आल्यासारखा. बासरी, ढोलकीसारखी वाद्यं आणि आठ जणांचा कोरस. एखाद्या पात्राने दोन-चार पावलं टाकली आणि 'मी पोहोचलो' असं म्हटलं की शेकडो मैलांचा प्रवास झाला. नट मान जराशी वर करतो, मुखवट्यावर उजेड पडतो आणि चेहरा हसल्यासारखा वाटतो. जराशी खाली घालतो आणि त्याच लाकडावर दुःख उतरतं. मुखवट्याच्या डोळ्यांची भोकं इतकी बारीक असतात की नटाला जवळपास काही दिसत नाही. स्टेजच्या कोपऱ्यातल्या खांबावरून तो आपण कुठे आहोत याचा अंदाज घेतो. तो खांब काढला तर नट सरळ प्रेक्षकांत!

आता येतं १८६८. शोगुनशाही संपली, मेइजी सम्राटाचं नवं सरकार आलं. रेल्वे, तारायंत्र, सूट-बूट... सगळा देश 'मॉडर्न' व्हायच्या घाईत. नोहवाल्यांचा पगार रातोरात बंद. नटांनी शेकडो वर्षांचे रेशमी पोशाख आणि मुखवटे विकायला काढले, काही जण पोटासाठी भलतेच धंदे करू लागले. ज्या कलेला राजाश्रयामुळे तिकीट विकण्याची फारशी चिंता करावी लागली नव्हती, तिला अचानक विचारलं गेलं : तुमचा उपयोग काय?

वाचवणाऱ्यांमध्ये पहिलं नाव उमेवाका मिनोरू याचं. बाकीचे पांगले तेव्हा हा माणूस टोकियोत घरच्या स्टेजवर प्रयोग करत राहिला. होशो कुरो आणि साकुरामा बानमा हे आणखी दोघे. या तिघांना मेइजी काळाचे तीन उस्ताद मानतात. दुसरी मदत आली अगदी अनपेक्षित दिशेने. इवाकुरा तोमोमी हा बडा मुत्सद्दी १८७१ ते १८७३ अमेरिका-युरोप फिरून आला. तिथे पाहुण्यांना मानाने ऑपेरा दाखवतात हे त्याने बघितलं. मग आपल्याकडे पाहुणे आले तर आपण काय दाखवायचं? १८७९ मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट जपानला आले तेव्हा इवाकुराने त्यांना आपल्या घरी नोह दाखवलं. १८८१ मध्ये टोकियोच्या शिबा पार्कात लोकवर्गणीच्या संस्थेने नोहचं नवं थिएटर बांधलं. म्हणजे बघा, पाश्चात्त्यांची नक्कल करायला निघालेल्या देशाला पाश्चात्त्यांकडूनच कळलं की घरातली जुनी वस्तू फेकायची नसते. ओळखीचं वाटतंय ना?

याच सगळ्या गदारोळात, १८६९ मध्ये, आपला कोग्यो जन्मला. तो साधारण पंधरा वर्षांचा असताना त्याच्या आईने दुसरं लग्न केलं. नवरा कोण, तर योशितोशी! ज्याला उकियो-एचा शेवटचा मोठा उस्ताद म्हणतात तो. गरिबी, मानसिक आजार, सगळं भोगलेला जबरदस्त माणूस. त्याला स्वतःला नोहच्या गायकीचा नाद होता. पोराने ठसेचित्रं आणि नोह, दोन्ही वेडं या सावत्र बापाच्या घरात उचलली असणार. १८९२ मध्ये योशितोशी गेला. पुढे पोरगा ओगाता गेक्को या चित्रकाराकडे शिकला. कोग्यो हे त्याचं कलावंत म्हणून घेतलेलं नाव. त्यातल्या दोन अक्षरांचे अर्थ आहेत नांगरणं आणि मासे धरणं. दोन्ही कामांना काय लागतं? चिकाटी.

आणि चिकाटी म्हणजे किती? १८९७ ते १९०२ या काळात 'नोगाकु झुए' ही मालिका : २६१ चित्रं. १९२२ ते १९२६ 'नोगाकु ह्याकुबान', नावात शंभर नाटकं, प्रत्यक्षात १२० चित्रं. १९२५ पासून 'नोगा ताइकान', २०० चित्रं. ही शेवटची मालिका चालू असतानाच १९२७ मध्ये तो वारला. ती १९३० मध्ये पूर्ण झाली, शिष्य मात्सुनो सोफूच्या हातून. लेक ग्योकुसेई हिनेही बापाचंच काम पुढे चालवलं. या तीन मालिकांची बेरीज ५८१ होते. विषय एकच. आपल्याकडे तीन महिने एकाच प्रोजेक्टवर ठेवलं तर आपण एचआरला मेल टाकतो!

पण मला कोग्यो आवडतो तो आकड्यांसाठी नाही. त्याने एक निर्णय घेतला त्यासाठी. तो समजायला 'दोजोजी' हे नाटक घ्या. गोष्ट अशी : एक मुलगी एका तरुण भिक्षूच्या प्रेमात पडते. तो पळतो आणि देवळाच्या मोठ्या घंटेखाली लपतो. संतापाने तिची नागीण होते, ती घंटेला विळखा घालते आणि तिच्या आगीत तो आतल्या आत जळून जातो. नाटक सुरू होतं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. देवळात नवी घंटा बसतेय, बायकांना मज्जाव आहे, तरी एक नर्तिका येते, नाचता नाचता घंटेखाली जाते आणि घंटा कोसळते.

योशितोशीने हीच मुलगी १८९० मध्ये आपल्या भुतांच्या मालिकेत काढली. त्याच्या चित्रात स्टेज नाही. ती खरोखरच नदीतून निघालेली, केस ओलेचिंब, माणूस आणि नागीण यांच्या मधोमध. अंगावर काटा येतो. कोग्योकडे मात्र तुम्हाला थिएटरमधली घंटा दिसते, मुखवटा दिसतो, पोशाखाच्या घड्या दिसतात. बाप गोष्ट काढतो, मुलगा प्रयोग काढतो.

पहिल्या नजरेत बापच जिंकतो, मान्य. पण जरा थांबा. त्या घंटेखाली नेमकं काय चालतं ते माहीत आहे? घंटा दोराने टांगलेली असते. नट खाली जाऊन उडी मारतो त्याच क्षणी दोर सुटायला हवा. पाव सेकंद इकडे-तिकडे झाला तर दुखापत नक्की. मग आतल्या अंधारात, एकटा, कुणाच्याही मदतीशिवाय तो मुखवटा आणि पोशाख बदलतो आणि घंटा वर जाते तेव्हा राक्षसी रूपात बाहेर येतो. नोह नटाच्या आयुष्यात 'दोजोजी' ही जणू पदवी परीक्षा. हे कळलं की कोग्योची घंटा वेगळी दिसायला लागते. तिच्यात नागीण आहेच, शिवाय एक घाबरलेला तरुण नटही आहे.

त्याची आणखी चित्रं बघा. बाईचा नाजूक मुखवटा आणि त्याच्या खाली नटाची हनुवटी, चक्क पुरुषाची. नोहमधला मुखवटा चेहऱ्यापेक्षा लहान असतो, त्यामुळे ती दिसतेच. कोग्यो ती झाकत नाही. नटामागे साध्या कपड्यात बसून पोशाख नीट करणारा मदतनीसही कधी कधी त्याच्या चित्रात येतो. 'आओइ नो उए' या नाटकात जी बाई आजारी पडलेली असते ती स्टेजवर येतच नाही. तिच्या जागी पुढे एक घडी घातलेला किमोनो ठेवलेला असतो, बस. मत्सराने पेटलेलं दुसरीचं भूत त्या रिकाम्या कापडावर तुटून पडतं. दुसरा कुणी चित्रकार असता तर त्याने तिथे सुंदर आजारी बाई काढली असती. कोग्योच्या लेखी तो किमोनोच ती बाई.

फोटोग्राफी तोवर आलेली होती, मग हा खटाटोप कशाला? एक तर त्या काळच्या फोटोत रंग नव्हते आणि नोहचा अर्धा जीव पोशाखात. कोग्योच्या छपाईवाल्यांनी सोनेरी-रुपेरी पूड वापरली, शाई न लावता कोरा ठोकळा दाबून कागदावर नुसता उठाव आणला, एकाच रंगाच्या छटा पाण्यासारख्या विरघळवल्या. जरीचं कापड कागदावर बोटांनी चाचपता येईल असं. आणि दुसरं, फोटो सगळंच पकडतो. कोग्यो मागची भिंत बऱ्याचदा गाळूनच टाकतो. उरतो रिकामा कागद आणि त्यावर एकटा नट. त्या रिकाम्या जागेत नोहचा तो संथपणा बरोबर येऊन बसतो.

'सुमिदागावा' हे त्यातलं माझं सगळ्यात जवळचं. क्योतोची एक आई, पळवून नेलेल्या मुलाला शोधत वेडी झालेली, हातात बांबूची फांदी घेऊन आजच्या टोकियोतल्या सुमिदा नदीपर्यंत येते. होडीत नावाडी सहज सांगतो : गेल्या वर्षी याच दिवशी पलीकडच्या काठावर एक मुलगा वारला. मुलगा तिचाच. रात्री थडग्यापाशी तिला त्याचा आवाज येतो, तो दिसतो, ती धरायला जाते. पहाट होते आणि हाती फक्त गवत. हे नाटक झेआमीच्या मुलाचं, मोतोमासाचं. बाप म्हणाला, मुलाचं भूत स्टेजवर आणू नकोस, न दाखवलंस तर जास्त परिणाम होईल. मुलगा म्हणाला, मला ते जमणार नाही. शेवटी बापाचं म्हणणं पडलं, दोन्ही करून बघा आणि चालेल ते ठेवा. सहाशे वर्षांपूर्वीची ही फीडबॅक मीटिंग! मोतोमासा १४३२ मध्ये बापाच्या आधी गेला. मुलगा गमावलेल्या आईचं नाटक लिहिणारा मुलगा... पुढचं मी लिहीत नाही.

आणि हो, आपलंही एक माणूस तिथे आहे. 'इक्काकु सेन्निन' हे नाटक घडतं थेट भारतात, वाराणसीच्या राज्यात. डोक्यावर एक शिंग असलेल्या तपस्व्याने पावसाच्या नागदेवतांना गुहेत कोंडलंय. दुष्काळ पडलाय. राजा एका सुंदरीला पाठवतो, ती त्याला मद्य पाजते, नाचते, त्याचं तप भंगतं आणि पाऊस मोकळा होतो. ओळखलंत? आपला ऋष्यशृंग! महाभारतातला. आणि रामायणात दशरथासाठी यज्ञ करणारा. बौद्ध कथांचं बोट धरून तो चीनमार्गे जपानला पोहोचला आणि तिथे मुखवटा घालून उभा राहिला. योगायोग असा की युनेस्कोने २००१ मध्ये अमूर्त वारशाची पहिली यादी काढली तेव्हा तिच्यात नोह आणि आपल्या केरळचं कुडियाट्टम ही दोन्ही नाट्यरूपं शेजारी शेजारी होती.

आता मुद्द्याचं. राजा गेल्यावर नोहला पोसलं कुणी? सरकारने थोडं, श्रीमंतांनी थोडं. पण खरा हात दिला हौशी विद्यार्थ्यांनी. ज्यांना कधीच नट व्हायचं नव्हतं अशा साध्या नोकरदार, व्यापारी माणसांनी संध्याकाळी जाऊन नोहची गायकी शिकायला सुरुवात केली आणि गुरूला फी दिली. आजही अनेक नोह कलावंतांच्या कमाईत शिकवणीचा मोठा वाटा असतो. प्रयोगाला जाणारे, हातात संहिता धरून ओळ न् ओळ तपासणारे, तेही हेच. कोग्योची चित्रं अशाच माणसांच्या जगातली आहेत. ज्याला 'दोजोजी'मधली घंटा कधी पडते ते पाठ आहे, त्यालाच ती पडण्याआधीचा क्षण घरी लावावासा वाटणार. म्हणजे दोन बुडत्या कंपन्यांची ही पार्टनरशिप तरली ती हॉबी क्लासच्या फीवर.

मी दर शनिवारी गाण्याच्या क्लासला जाते. आवाज बेताचा, ताल त्याहून बेताचा. ऑफिसमध्ये लोक प्रेमाने विचारतात, 'मग, पुढे काय? स्टेज? चॅनल?' पुढे काहीच नाही हो. सहा वर्षं झाली, यमन अजून पुरता झालेला नाही. या प्रश्नावर मी आतापर्यंत नुसती हसायची. आता माझ्याकडे उत्तर आहे. प्रत्येक उस्तादामागे माझ्यासारखे पन्नास बेताचे विद्यार्थी लागतात. आम्ही फी भरतो, पहिल्या रांगेत बसतो आणि तो नेमका कुठे कमाल करतोय ते आम्हाला कळतं. कलेला प्रतिभावंत तर लागतातच, पण ते कधी ना कधी जन्माला येतात. हौशी माणसं मात्र दर शनिवारी यावी लागतात.

तर या वीकएण्डला एक करा. कोग्योची चित्रं शोधा. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाने त्याची मालिका ऑनलाइन ठेवलीय, चकटफू. त्यातलं एकच चित्र उघडा, फोन सायलेंटवर टाका आणि पाच मिनिटं फक्त तेच बघा. पहिल्या मिनिटाला मुखवटा दिसेल. तिसऱ्याला त्याखालची हनुवटी. पाचव्या मिनिटाला कदाचित असं वाटेल की मुखवट्याची मान जराशी खाली झुकली.

आणि तुमचा तो बंद पडलेला तबल्याचा, कथकचा, चित्रकलेचा क्लास? सरांचा नंबर फोनमध्ये अजून असेलच. लावा!